कावळ्याचा घास

"बायको जाऊन वर्ष झालं. तिच्याशी बोलता का?" यंत्राने विचारलं.

"मेलेल्यांशी कोण बोलतं?" डॉक्टर हेल्गर चिडले.

दिवा लाल झाला. त्यांच्या पोरक्या नातवाला त्यांच्याकडे ठेवायचं की नाही, याचा निर्णय मन तपासणारं हे यंत्रच घेणार होतं.

शेजारी बसलेल्या शेवंताच्या काळजातली जुनी चूल धगधगली. हेल्गरनीच बनवलेल्या या यंत्रासमोर, परक्या मुलखात, परक्या भाषेत, ती एकदा भोळेपणाने बोलून गेली होती, "आई कावळा होऊन खिडकीत येते. मी घास ठेवते, लेकीचं सगळं सांगते." यंत्राने तो भ्रम ठरवला आणि तिची लहानगी लेक मंजुळा परक्यांच्या घरी गेली. परतली ती आईची बोली विसरून.

पुढे लेकरं गमावलेल्या आयांनी भांडून कायदा बदलवला. यंत्र शेवंतासारख्यांच्या बोलण्यावर नव्याने शिकलं. आता गेलेल्यांशी न बोलणारं मन त्याला दगड वाटे. मात्र शंका आली की ते शेवंताला विचारी.

"शेवंताबाई, यांच्या लोकांत दुःख आत ठेवायची रीत आहे का?"

होती. हेल्गरांच्याच लोकांतली तिची शेजारीण नवरा गेल्यावर नळ सोडून रडायची, दारात मात्र हसायची.

"सांगा ना बाई," हेल्गर पुटपुटले. "आमच्यात असंच असतं."

"मीही तुम्हाला हेच म्हणाले होते, डॉक्टर. तुम्ही म्हणालात, रीतीभाती आम्ही मोजत नाही."

शेवंता यंत्राकडे वळली. "नाही. अशी रीत नाही."

मग खिडकीतल्या कावळ्याला ती हलकेच म्हणाली, "झालं गं, आई."