लोड होईपर्यंत

“हे भंगारात टाकू का?” असं विचारत भैरवीने माळ्यावरून खोका खाली दिला. सलीलने तो हातात घेतला आणि वजनावरूनच ओळखला. आत रबरी बटणांचा जुना कॉम्प्युटर होता. टीव्हीला जोडायचा, टेपवर कॅसेट लावायची आणि तिच्यातला गेम त्यात भरायचा. सलील शाळेत असताना बाबांनी तो नागपूरहून आणला होता. मास्तराच्या पगारात बसणारा कॉम्प्युटर तेव्हा तेवढा एकच होता.

सलील नुकताच कापूस खरेदी केंद्रावरून आला होता. कापसाची प्रत ठरवणं हे त्याचं काम. प्रत कमी लावली की गाडीवाला बोलतो, भाव ऐकला की आणखी बोलतो, आणि संध्याकाळी वरचा साहेब उरलंसुरलं बोलून घेतो. यंदा त्याने इतकी बोलणी खाल्ली होती की घरी आल्यावर जेवणाची वासनाच उरत नसे.

आणि घरी आठ दिवस एकच दळण चालू होतं. भैरवीच्या भावाने, अभिषेकने, नागपूरच्या एका गोदामात सलीलसाठी नोकरी बघून ठेवली होती. भैरवीचं काही चुकत नव्हतं. पुढच्या हंगामात केंद्र उघडेलच असं छातीठोकपणे सांगणारा घाटंजीत कोणी नव्हता. पण बाबा गाव सोडायला तयार नव्हते, आणि त्यांना एकटं टाकून जायला सलीलचा पाय निघत नव्हता. त्याला दोन्हीकडचं पटायचं, म्हणून त्याच्या तोंडातून उत्तर असं निघतच नसे. शेवटी भैरवीने आपणहूनच माळा रिकामा करायला घेतला होता.

“एकदा लावून पाहतो,” तो म्हणाला. “मग दे भंगारात.”

“सात वाजता अभिषेकचा फोन येईल. त्याले काय सांगू, ते सांगा आधी.”

सलीलने टेप पुढ्यात ओढला. टेपचं झाकण उघडून पाहिलं तर आतल्या हेडवर धूळ बसली होती. त्याने शर्टाच्या खिशातून दिवसभरात साठलेली कापसाची चिमूट काढली, दाढीच्या लोशनमध्ये बुडवली आणि हेड पुसून घेतलं. टेपच्या आवाजाच्या बटणाशी आईने लावलेला नेलपॉलिशचा ठिपका अजून होता. बटण त्याच्यापुढे गेलं की गेम बिघडे, मागे राहिलं तरी बिघडे.

कॅसेट सुरू झाली. तिची ती कर्कश किंचाळी घरभर पसरली, टीव्हीच्या कडांवरून रंगीत पट्टे पळायला लागले. आतल्या खोलीतून बाबा आले आणि काही न बोलता खुर्चीत बसले. सलीलनेही तोंडात मिठाची गुळणी धरली. गेम लोड होताना बोलायचं नाही, बोललं की तो बिघडतो, हा या घरातला बाबांचाच नियम होता. आई स्वयंपाकघरातून खुणेनेच चहाचं विचारायची. दारात आलेल्या पाहुण्यालाही हाताने बसवत असत. विळ्या-भोपळ्याचं सख्य असलेल्या आई आणि आत्या तेवढा वेळ एका बाकावर गुपचूप बसायच्या.

भैरवीला हे काही ठाऊक नव्हतं. “अहो, मी काही विचारून राहिले न,” ती म्हणाली. दोघांनीही जुन्या सवयीने एकदम हात वर करून तिला थांबवलं. तिला ते लागलं. ती माळ्याच्या शिडीशी तशीच उभी राहिली.

टीव्हीवर चित्र वरून खाली उमटत अर्ध्यावर आलं आणि थांबलं. खाली लोड न झाल्याची ओळ आली.

“हेही माझ्या बोलण्यानेच बिघडलं का आता?” भैरवीने शिडीशी उभ्यानेच विचारलं.

सलीलला तिची कीव आली आणि स्वतःचीही. तसं काही नसतं, असं त्याने तिला समजावलं. टेपचा आवाज तारेतून जातो, बाहेर कोणी ढोल बडवला तरी कॉम्प्युटरला कळत नाही. हे त्याला यवतमाळला पॉलिटेक्निकला गेल्यावर समजलं होतं, आणि तेव्हा आपल्या अख्ख्या घराचं हसू आलं होतं.

“बाबा, तुम्ही तर गणिताचे मास्तर,” तो म्हणाला. “तुमच्याही लक्षात नाही आलं?”

“मले तेव्हाही माहीत होतं.”

“मग सांगितलं काहून नाही?”

बाबा टीव्हीकडेच बघत होते. “तुझी आई अन् तुझी आत्या. सकाळी उठल्यापासून सुरू. तेवढी पाच मिनिटं या घरात कोणी कोणाले बोलत नव्हतं. मी कायले सांगू?”

आतल्या खोलीची भिंत पातळ होती. या आठ दिवसांत तिच्यापलीकडे बाबांना काय काय ऐकू गेलं असेल, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. सलीलने मान खाली घातली. त्याला फार थकल्यासारखं वाटलं.

भैरवी पुढे आली. खाली बसून तिने कॅसेट मागे घेतली, अगदी सुरुवातीपर्यंत. सलीलने कॉम्प्युटरवर बटणं दाबली, तिने टेपचं. पुन्हा ती किंचाळी सुरू झाली, पुन्हा पट्टे पळायला लागले.

फोन वाजला. सात वाजले होते.

“घे,” सलील हळूच म्हणाला. “बोललं तरी चालते.”

भैरवीने फोनकडे पाहिलं, मग बाबांकडे. ते खुर्चीत मान टेकून, डोळे मिटून बसले होते. फोन वाजत राहिला. तिने सलीलकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.