आजींचं पहिलं गिऱ्हाईक

"मला आपलं कच्च्यांतच बसवा," आजी म्हणाल्या. "फोन उलटा धरला तरी मला कळायचं नाही."

वर्ग हसला. बाईंनाही हसू आवरलं नाही. छोट्या दुकानदारांना मोबाइलवरून धंदा वाढवायला शिकवणं हे त्यांचं काम, आणि सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं नाही हा त्यांचा हट्ट. म्हणून खोलीचे तीन भाग केले होते. खिडकीपाशी कच्चे, मध्ये अर्धेमुर्धे, फळ्याजवळ पक्के. कच्च्यांना बोट धरून शिकवायचं आणि पक्क्यांना कान धरून, असं त्या म्हणायच्या.

आजी लहान मुलांचे कपडे शिवून विकणार होत्या. लाइक म्हणजे नक्की काय, हे त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या आणि बाई पुन्हा पुन्हा सांगायच्या. पेजवर स्वतःचा फोटो लावायला मात्र त्या काही केल्या तयार होईनात.

"माझं म्हातारीचं थोबाड बघून गिऱ्हाईक पळून जाईल गं!"

बाईंना धास्ती होती ती पक्क्यांमधल्या चष्मेवाल्याची. पापणी न लववता तो सगळ्यांकडे बघत बसायचा. एकदा त्यानं विचारलं, "बाई, एखाद्यानं नाव बदललं, फोटो काढून टाकले, तरी त्याला शोधता येतं का हो?"

बाईंचा हात फळ्यावरच थांबला.

त्यांची धाकटी बहीण अशीच नाव बदलून, लेकीला घेऊन दूरच्या गावात राहत होती. नवऱ्यानं तिला खोलीत कोंडून मारलं होतं. पळून गेलीस तर शोधून काढीन आणि जिवंत सोडणार नाही, असंही बजावलं होतं. लग्न तिनं परस्परच केलेलं. बाईंनी सासरचं एकही माणूस पाहिलं नव्हतं, नवऱ्याचा फोटो तेवढा पाहिला होता. चष्मेवाला तो नव्हता. पण त्यानं पाठवलेला असू शकत होता. हल्ली बाईंना अनोळखी नंबरवरून फोन यायचे आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा.

"असले प्रश्न इथे नकोत," त्या म्हणाल्या. आवाज जरा चढलाच.

मग त्यांनी धडा पुढे नेला. "सगळ्या जगाला विकायला जाऊ नका. एकच गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आणा. ते कोण, कशाला भुलतं, कशाला घाबरतं, सांगा बरं."

कच्च्यांची भंबेरी उडाली. बेकरीवाला म्हणाला, "ज्याला भूक लागते तो." आजींनी मात्र डोळे मिटून घेतले.

"तरुण आई आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "एकटी. नव्या जागी आलीय, ओळखदेख नाही. स्वतःसाठी काही घ्यायची नाही, पण लेकरासाठी जीव टाकेल. आणि भित्री आहे. विश्वासातलं कुणी सांगितल्याशिवाय दार उघडायची नाही."

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. पक्क्यांपैकीही कुणाला असं जमलं नव्हतं.

"मग आपण विश्वासातलं माणूस शोधायचं," बाई म्हणाल्या आणि आजींच्या शेजारी येऊन बसल्या. पुढचा धडा खरं तर पक्क्यांचा होता, पण आजींची ओढ बघून त्यांना राहवलं नाही. जाहिरात फक्त लहान मुलांच्या आयांना दाखवायची, त्यातही आधी बाईंचं पेज बघणाऱ्यांना. पहिला फ्रॉक भेट. पत्ता मेसेजमध्ये मागायचा. आजींच्या फोटोच्या जागी बाईंनी स्वतःचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'या माझ्या वर्गातल्या आजी. डोळे झाकून विश्वास ठेवा.'

आजींनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. हात गार होता.

"तुझे उपकार कसे फेडू गं पोरी?"

वर्ग सुटल्यावर चष्मेवाला जिन्यात उभा होता. "बाई, रागावू नका. पण तुमच्या कच्च्यांत सगळे कच्चे नाहीत. तुमची पाठ वळली की तिकडे काय चालतं, ते जरा बघत जा."

"उद्यापासून तुम्ही येऊ नका," बाई म्हणाल्या.

तो गेला. कितीतरी दिवसांनी त्या रात्री बाईंना शांत झोप लागली. नंतर आजींनीही येणं बंद केलं. ऑर्डरी भरपूर आल्या असतील, असं समजून बाईंना बरंच वाटलं.

मग एका दुपारी धाकटीचा फोन आला. ती चक्क हसत होती. तिचं हसणं ऐकून बाईंचे डोळे भरून आले.

"ताई, तुझ्या आजी मेसेजवर काय गोड बोलतात गं! छकुलीला फ्रॉक शिवणारेत. आज माप घ्यायला येताहेत."

"तिकडे? एवढ्या लांब?"

"हो ना! म्हणाल्या, पहिलं गिऱ्हाईक आहेस, मी स्वतः येणार. मी कुणाला पत्ता देते का? पण तू लिहिलं होतंस म्हणून..."

एका फ्रॉकसाठी एवढा प्रवास? पलीकडे बेल वाजली.

"दार उघडू नकोस," बाई म्हणाल्या. "ऐक माझं. उघडू नकोस!"

"अगं, छकुली धावलीसुद्धा," धाकटी हसून म्हणाली.

कडी निघाल्याचा आवाज आला. आणि मग छकुलीचा, आनंदानं फुटलेला.

"आई, आपली आजी आली! बाबा पण आलेत!"