बारा किलो रेती

लाल गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, गवंड्याची दोन सुते ताणलेली होती. मरोदा वस्तीत सकाळी उतरलेले धुके अजून हटले नव्हते. सुतांवर थेंबांनी रांगा धरल्या होत्या आणि मधली बुटकी गाडी जमिनीला टेकून निजल्यासारखी दिसत होती.

"ही गाडी नाही साहेब, पाट हाय. चाकं लावलेला," चाके सरळ करून देणारा नरहरी म्हणाला.

स्टिअरिंगमागे बसलेला सुशील हसला. काही वर्षांपूर्वी स्प्रिंगा बदलून गाडी खाली त्यानेच बसवून घेतली होती. पुढच्या टायरांची आतली कड गुळगुळीत झाली होती आणि बाहेरची जशीच्या तशी शाबूत होती. नवे टायर चढले होते. तेही तसेच झिजू नयेत, म्हणून चाके सुतात आणायची होती.

"टाकी फुल हाय?"

"फुल हाय, नरहरीभाऊ. दरवर्षी विचारता."

गाडी मालकासकट मोजायची, हा नरहरीचा नियम होता. रिकामी गाडी रस्त्यावर कोणी चालवत नाही, असे त्याचे म्हणणे. निवृत्त होईपर्यंत पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये रुळांचा सरळपणा पाहण्यात त्याचे आयुष्य गेले होते. आताही तो एक डोळा मिटून सुतावरून पाहत होता. मग त्याने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टी धरली आणि जुनी वही उघडली.

"डावी बाजू मागच्या वर्षीइतकीच हाय. उजवी तीन मिलिमीटर वर आली."

"तीन मिलिमीटरनं काय होते?"

"तीन मिलिमीटर वाकला रूळ मी पास केला असता काय?" नरहरीने पट्टी पुन्हा लावली. आकडा तोच आला. "यंदा स्प्रिंग बदलली?"

"नाही."

"स्प्रिंग बसते साहेब. आपणहून उठत नाही."

त्याने प्रथमच वर पाहिले. सुशीलच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती आणि तरीही आत मान सैल फिरत होती. शेडमध्ये जाऊन नरहरीने रेतीची एक थैली आणली. मालकाला थांबायला सवड नसली, की त्याच्या जागी सीटवर ठेवायच्या या थैल्या. प्रत्येकीवर वजन लिहिलेले. दहा किलोची ती थैली त्याने सुशीलच्या मांडीवर ठेवली.

"हे काय करून राहिले?"

"हलू नका."

पट्टी लागली. उजवी बाजू अजून अर्धा मिलिमीटर वर होती. नरहरीने दोन किलोची थैली आणून पहिलीवर ठेवली आणि पुन्हा वाकला. या वेळी उजवी बाजू मागच्या वर्षीच्या आकड्यावर येऊन थांबली.

"बारा किलो," तो खालूनच म्हणाला. "कधीपासून?"

दूर कारखान्याचा भोंगा वाजला.

"दिवाळीपासून. सोमवारी रायपूरले बोलावलं डॉक्टरनं. सोबत घरचं कोणी घेऊन या म्हणे."

"मग वहिनी जातील."

"मृणालले मी डाएट करून राहिलो म्हणून सांगितलं. ते खुश हाय. म्हणते, लग्नातला कोट आता होईल तुमाले." तो हसायला गेला, पण हसू पूर्ण झाले नाही. "एकटाच जाऊन येतो. तुमी आजच्या वजनावर सेट करा. जे हाय ते हाय."

"आजच्या वजनावर नाही करत."

"कावून?"

"वजन परत आलं का गाडी पुन्हा टायर आतून खाईल. मग रिसाली वस्तीभर मलेच शिव्या देत फिराल."



नरहरी चाकाशी आडवा झाला. पाना फिरायचा, थांबायचा, पुन्हा केसभर फिरायचा. मांडीवरची रेती आधी थंड होती. हळूहळू तिला अंगाची ऊब आली. त्या भाराखाली सुशीलचे डोळे मिटले. झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत त्याला वाटले, की आपल्यातून थोडाथोडा उठून गेलेला कोणी माणूस धुक्यातून चालत परत आला आहे, काही न बोलता मांडीवर बसला आहे आणि आपले हरवलेले वजन त्याने सोबत आणले आहे. कित्येक दिवसांत तो इतका स्वस्थ बसला नव्हता.

जाग आली, तेव्हा धुके विरळ झाले होते. दोन्ही सुते चारही चाकांपासून सारख्याच अंतरावर होती. सुशील थैल्या उचलून बाहेर देऊ लागला.

"त्या कुठं देता?" नरहरी म्हणाला. "त्यांच्यासकट गाडी सरळ हाय. काढल्या का पुन्हा तीन मिलिमीटर." त्याने दोन्ही थैल्या सीटमागच्या जागेत दाबून बसवल्या आणि दोरीने आवळल्या.

"नरहरीभाऊ, उद्या रविवार. मृणाल सोबत बसते गाडीत. विचारेल ना, ही रेती कशाची."

"विचारतील."

"मग मी काय सांगू?"

नरहरी सूत गुंडाळत होता.

"वजन परत आलं का थैल्या आणून द्या," तो म्हणाला. "रेती माझी हाय."

गाडी फाटकाबाहेर पडली. मोकळा रस्ता लागताच सुशीलने क्षणभर दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. गाडी सरळ गेली. मग एक हात मागे नेऊन थैल्या जागेवर आहेत ना, हे त्याने चाचपून पाहिले.