शिरीषावरचे पक्षी

हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी विद्याधर करंदीकरांना धावपळ सोडायला सांगितली. तेव्हापासून ते रोज सकाळी मुलुंडच्या घराच्या गॅलरीत बसून समोरच्या शिरीषावर जे दिसेल ते वहीत टिपत.

त्या दिवशी साळुंक्या, बुलबुल, अगदी कावळेही गप्प होते. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

विद्याधर खुर्ची ओढून बाजूला सरकले. एकाही पक्ष्याची मान वळली नाही. ते त्यांच्या मागे बघत होते.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला आणि त्यांना हायसं वाटलं.

“सुनंदा, बघ गं, हे असे काय बसलेत?”

हात हलला नाही.

खालून, रस्त्यावरून, सुनंदाची हाक आली. “अहो, दूध आणायला आले आणि किल्ली घरातच राहिली. टाका ना! आणि सकाळी सकाळी कोण आलंय आपल्याकडे?”