ओला गिलावा

लढाईमुळे जबलपुरात भाड्याने खोली मिळणं मुश्कील झालं होतं, म्हणून सत्यवती मदन महलजवळच्या त्या पडक्या इमारतीत दिवस काढत होती. तिथे तक्रार करायची रीत एकच. भाडेकरूंनी माडीच्या कठड्यावरून ओरडायचं आणि खाली अंगणात बसलेल्या मालकाच्या मुनीमजींनी मान वर न करता म्हणायचं, "हो जाएगा, बाई."

या आठवड्यात मात्र तिची कामं खरोखरच होत होती. आधी मोरीची भेग बुजली, मग छताचं भोक. गिलाव्यावर बोटांचे ठसे होते. ओला चुना हाताला थंड लागतो. हा अंगासारखा कोमट लागला.

आज सकाळी ती ओरडली होती, "मुनीमजी, आतल्या खोलीच्या दारातून वारा येतो, माझ्या इंदूला बाधतो!"

दुपारी लेकीला आत निजवून ती पाणी भरायला खाली आली आणि तिने मुनीमजींचे आभार मानले.

मुनीमजींनी पहिल्यांदाच मान वर केली. "काहून थट्टा करून राहिल्या, बाई? सारे गवंडी फौजेच्या कामावर गेले. मी तर कोणालाच पाठवलं नाही."

घागर तिथेच टाकून ती जिना चढली.

आतल्या खोलीचं दार नव्हतं. त्या जागी सपाट, ओली भिंत होती आणि मधोमध एक बारीक फट. पलीकडून गवंड्याच्या थापीचा आवाज येत होता.

"इंदू!"

"काका," आतून पोरीचा आवाज आला, "इथून अजून आई दिसून राहिली."

थापी थांबली. मग फटीकडे सरकली.