सारखं पासवर्ड मागतंय

चौकट पुन्हा टपकली. वर आईचं पूर्ण नाव, खाली पासवर्डसाठी मोकळी जागा, त्याखाली दोन बटणं. ओके आणि कॅन्सल.

बाबा कीबोर्डकडे बघत एका बोटाने गिऱ्हाइकाला मेल लिहीत होते. मान वर केली तेव्हा अर्धं वाक्य त्या चौकटीत जाऊन पडलं होतं. त्याचे नुसते काळे ठिपके झाले होते. ते पडद्याकडे वाकले, काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी कॅन्सल दाबलं.

“शिव्या घालून कॉम्प्युटर सुधारत नाही, बाबा,” लेक म्हणाली. “उठा. मी बघते.”

बाबा पुस्तकं बांधायचे. खोलीभर खळीचा वास, माउससुद्धा खळीने चिकट झालेला. गिऱ्हाइकांशी बोलणं, त्यांच्या मेलला उत्तरं देणं, हे सगळं आई करायची. ती गेल्यावर तिचा मेलचा पत्ता लेकीने कंपनीला कळवून बंद करून घेतला होता. बँक, विजेचं बिल, फोन, दारावरची पाटी. एकेक करत आईचं नाव तिनेच सगळीकडून काढलं. कुणीतरी करायलाच हवं होतं, आणि बाबांच्या हातून ते होणारं नव्हतं. या धावपळीत तिला धड रडायलाही सवड मिळाली नव्हती. येणारेजाणारेही आता आईचा विषय काढत नसत. उगाच बाबांना त्रास नको.

तिने आधी सोपे उपाय केले. साठवलेला पासवर्ड पुसला. मेलचा प्रोग्रॅम बंद करून उघडला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चौकट आपली हजर.

मग तिच्या लक्षात आलं. आईचा पत्ता बंद झाला, पण या कॉम्प्युटरवर तो तसाच राहिला होता. आईची नवी मेल आली का ते बघायला प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी जाऊन दार ठोठावत होता. दार उघडत नाही म्हटल्यावर पासवर्ड मागत होता. त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“राहू दे गं,” बाबा म्हणाले. “मला काही जड नाही. एक बटण तर दाबायचं.”

“दिवसभर दाबत बसता ते! एक दिवस गिऱ्हाईक पळेल, मग बसा कॅन्सल दाबत. जा बघू, चहा टाका.”

बाबा गेले. तिने आईच्या नावासमोरची ‘नवी मेल आपोआप तपासा’ ही खूण काढून टाकली. एवढंच काम होतं.

बाबा दोन कप घेऊन आले. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. अर्धवट राहिलेली मेल मात्र त्यांनी पुढे लिहायला घेतली नाही. चष्मा पुसला, परत घातला. चहावर साय धरली.

“कशाची वाट बघताय?”

“आली नाही अजून.”

“ती चौकट? आता नाही यायची,” लेक खुशीत म्हणाली. “कायमची गेली.”

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

“बरं केलंस,” बाबा म्हणाले. कप हातात तसाच होता. मग ते म्हणाले, “ते एकटंच तिची चौकशी करायचं.”

लेकीने माउस ओढून घेतला. काढलेली खूण परत लावली. दहा मिनिटांच्या जागी पाच केलं. मग आपला कप उचलून आत गेली, पण धुवायचा सोडून दाराआडच उभी राहिली.

चौकट आली. वर आईचं पूर्ण नाव.

बाबा पुढे सरकले. ते पुटपुटले ते तिला या वेळी नीट ऐकू आलं. शिव्या नव्हत्याच. कॅन्सलवर बाण नेऊन, दारात आलेल्या माणसाशी बोलावं तसं ते हळू आवाजात म्हणाले,

“बाहेर गेलीय हो ती. जरा वेळाने या.”