दरेकसाची लूप लाइन

संगणकशास्त्र हे मानवजातीच्या सेवेसाठीच जन्माला आलं आहे, असं संघदीपने घरात जाहीर केलं, तेव्हा केवळराम बातम्या पाहत होते.

"टीव्हीसमोरून सरक," ते म्हणाले.

संघदीप गोंदियात एका खाजगी क्लासमध्ये सी भाषा शिकवायचा आणि विद्यार्थी ती परीक्षेपुरती शिकायचे. त्याचे वडील केवळराम दरेकसा स्टेशनवर पॉइंट्समन होते. गाड्यांच्या वाटा बदलण्यात उभी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर गोंदियाजवळ फुलचूरला घर झालं. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा हलका झटका आला. पाय सुधारले. जीभ तर बिघडलीच नव्हती. उजव्या हाताची बोटं मात्र मिटेनात. उन्हाळ्याच्या आत ती हलती केली नाहीत तर अशीच राहतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

अशीच, म्हणजे बायकोने, रुक्माबाईने, जन्मभर घास भरवायचा. केवळराम जेवायच्या आधी दार लावून घ्यायला लावत.

व्यायामासाठी रबरी चेंडू आणला. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या कुत्र्याच्या तोंडात दिसला.

"मी का लेकरू आहो का, चेंडू खेळाले?" केवळराम म्हणाले.

मग संघदीपला माळ्यावरचा व्हिडिओगेम आठवला. नव्व्याण्णव साली गोंदियाच्या बाजारातून आणलेला. टीव्हीला जोडायचा, वरून कॅसेट खुपसायची. आतला प्रोसेसर आठ बिटांचा, म्हणजे हातातल्या मोबाइलच्या तुलनेत मेलगाडीपुढे ढकलट्रॉली. पण त्याच्या रिमोटला बटणं होती आणि बटणांना बोटं लागतात.

इंटरनेटवर शोधलं, तर अशा बाद झालेल्या डब्यांसाठी अजून प्रोग्रॅम लिहिणारे हौशी लोक परदेशात ढिगाने निघाले. त्यांनी फुकट कंपाइलरही करून ठेवला होता. आपण सीमध्ये लिहायचं, तो ते डब्याला कळणाऱ्या भाषेत उतरवून देणार. संघदीपने गेम लिहिला: दरेकसा स्टेशन, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या, मधे गाडी बाजूला उभी करायची लूप लाइन. बटण दाबून रुळांचा सांधा बदलायचा, मालगाडी बाजूला घ्यायची, मेलला वाट द्यायची.

पहिल्यांदा कंपाइल केलं तेव्हा चुका पडद्यावर मावेनात. त्या एकेक करून दुरुस्त केल्या. शेवटी एकही चूक उरली नाही आणि टीव्ही काळाच राहिला. प्रोग्रॅम कॅसेटच्या मेमरीत मावत नव्हता. संघदीपने इंजिनाचा धूर काढला, झाडं काढली, शेवटी जड मनाने बोगदाही काढला. तेव्हा कुठे गाड्या धावल्या. प्रोग्रॅम चिपमध्ये भरून ती जुन्या कॅसेटमध्ये डाख देऊन बसवली.

"हे काय आनलं?" केवळरामांनी विचारलं.

"दरेकसा. तुमच्या हाती देऊन राहिलो, बाबा."

"रिटायर केलं ना मले सरकारनं. आता तू कायले ड्यूटीवर लावून राहिला?"

तरी त्यांनी रिमोट घेतला. संघदीप क्लासला जाताना ते टीव्हीसमोर बसलेले असत. शेजारी भिंतीला टेकून रुक्माबाई मांडीवर पानं-तंबाखूचं सूप घेऊन बिड्या वळत असे. हे काम ती लग्नाआधीपासून करत होती आणि लग्नापासूनच केवळराम त्याकडे पाठ करून होते. आपण रेल्वेचा माणूस.

"गेम कसा आहे, बाबा?" संध्याकाळी संघदीप विचारायचा.

"बरा आहे."

"कोणती गाडी अवघड जाते?"

"सगळ्याच."

"डोंगरगडची लोकल," रुक्माबाई चुलीजवळून म्हणाली. "थे सांध्यावर येऊन उभीच राहते. मांगून मेल भिडते."

"थेच," केवळराम म्हणाले.

संघदीपने तपासलं, तर खरंच चूक होती. ती दुरुस्त करून त्याने पुन्हा कंपाइल केलं. आईसुद्धा लक्ष देऊन पाहते म्हणून त्याला बरं वाटलं.

होळीच्या सुमारास केवळरामांचा अंगठा तर्जनीला टेकला. मग मूठ वळली. एक दिवस ते ताटावर बसले, भात कालवला आणि घास स्वतःच्या हाताने तोंडात घातला. वरणाचे ओघळ कोपरापर्यंत गेले. दार उघडंच होतं. रुक्माबाई उगाचच पाण्याचा तांब्या घासत बसली.

डॉक्टरांनी त्यांचं एकेक बोट वाकवून पाहिलं. "नखंही पिवळी झालीत. तंबाखू बंद आहे ना?"

"ओढत नाही," केवळराम म्हणाले.

"मग व्यायाम कोणता करता?"

"याले विचारा," केवळरामांनी पोराकडे बोट केलं. बोट सरळ होतं.

संघदीपने सांगायला सुरुवात केली. कंपाइलरपाशी पोचेपर्यंत डॉक्टरांनी दोनदा पुढच्या पेशंटला हाक मारली.

ही हकिकत त्याने परदेशी हौशांच्या इंटरनेटवरच्या मंचावर लिहिली. तिथे फारच कौतुक झालं. आठ बिटांनी माणसाचा हात परत दिला, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने वडील खेळतानाचा व्हिडिओ मागितला. तो एका मोठ्या रुग्णालयात दाखवणार होता.

"बाबा, तुमचा खेळतानाचा व्हिडिओ काढतो," संघदीप म्हणाला.

"नोको."

"काऊन?"

"लाज वाटते."

मोठी माणसं प्रसिद्धीला अशीच बिचकतात, हे संघदीपला ठाऊक होतं. न सांगता काढायचा असं त्याने ठरवलं.

एका दुपारी क्लासमधली लाइट गेली. फुलचूरला होती. संघदीप घरी पोचला, चपला अंगणातच काढल्या, मोबाइलचा कॅमेरा सुरू केला आणि लोटलेलं दार हळूच ढकललं. पडद्यावर मालगाडी लूप लाइनीत शहाण्यासारखी उभी होती.

"थांब जरा," पाठमोरी रुक्माबाई म्हणाली. "मेल जाऊ दे."

रिमोट तिच्या हातात होता. केवळराम शेजारी मांडीवर तिचं सूप घेऊन बसले होते आणि बिड्या वळत होते.